बाळंतिणीसाठी कोंबडी

तामूच्या तोंडी देवाचे उपकार सतत असत, आणि तेही नको तिथे. बोक्यानं एक पिल्लू पळवलं तर ती आकाशाकडे बघून म्हणायची, "उपकार तुझे रे बाबा, दोन नाही नेली." शेजारची बतूल वैतागायची. "तामू, तुझ्याकडे चोर शिरला ना, तर त्यालाही दुवा देशील. म्हणशील, भला माणूस, दार तेवढं ठेवून गेला."

"ठेवलं तर म्हणेनच की," तामू म्हणायची.

सेत्तात शहराच्या बाहेर, गव्हाच्या सपाट रानात त्यांची वस्ती होती. तिथे कुणाच्याही घरी बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी रफीसा व्हायचा. मूठ मूठ मेथी आणि मसूर घालून कोंबडी तासन्‌तास शिजवायची, तिचा पिवळाधमक रस्सा पातळ पोळ्यांच्या तुकड्यांवर ओतायचा आणि पहिला घास बाळंतिणीच्या तोंडात घालायचा. त्याला कोंबडीच लागते, कोंबडा चालत नाही. तीही घरच्या अंगणात उकिरडा उकरून वाढलेली, अंडी देऊन मुरलेली. शहरातल्या दुकानात पिंजऱ्यांतून मिळते त्या पांढऱ्या कोंबडीला तामू 'कापूस' म्हणायची. वस्तीतल्या एकाही बाळंतिणीच्या पोटात तिनं कापूस जाऊ दिला नव्हता. कोंबडी जायची ती तामूच्याच खुराड्यातून, आणि फुकट.

यातली गोम अशी की तामूला स्वतःला मूल नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा आईनं दिलेल्या चार कोंबड्या टोपलीत घालून आली होती. कोंबड्या वाढल्या, घर काही वाढलं नाही. नवरा लार्बी गाडीवान होता. त्याची आई दुसरी कर म्हणून मागे लागली तेव्हा तो ढिम्म हलला नाही, आणि त्याबद्दल तामू तो गेल्यावरही रोज त्याला दुवा देत असे. बतूलला पहिला मुलगा झाला तेव्हा तामू हौसेनं कोंबडी घेऊन गेली होती. बतूलच्या सासूनं दारातच कोंबडी घेतली, तोंडभर आशीर्वाद दिले आणि दार हळूच अर्धं ओढून घेतलं. निपुत्रिक बाईची नजर ओल्या बाळंतिणीवर पडू नये, एवढंच. कुणी तसं बोललं नाही आणि तामूनंही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक घरी दारातच कोंबडी द्यायची, आतलं रडणं दोन क्षण ऐकायची आणि परत फिरायची. मूल पाहायची ते चाळीस दिवसांनी, उन्हात आणल्यावर.

पण दारापर्यंत तरी जाता यायचं. कोंबडी हातात असली की वस्तीत कुठलंही दार वाजवायला तिला संकोच वाटत नसे.

मग त्या हिवाळ्यात तिनं स्वतःच घोटाळा केला. आठवडी बाजारात दोन देखण्या कोंबड्या दिसल्या, पिसं अशी झळाळती की हिचा जीव भाळला. नवी कोंबडी आणली की आठ-पंधरा दिवस वेगळी बांधावी हे शेंबडं पोरही जाणतं. तामूनं त्या सरळ खुराड्यात सोडल्या. आठवड्याच्या आत मानमोडी पसरली. माना वळवून, गोल गोल फिरून, एकेक करत सगळं खुराडं आडवं झालं. तामूनं रानात खड्डा खणून सगळ्यांना पुरलं, चुना टाकला, आणि हात धुता धुता तिला आठवलं की तिची ठिपक्यांची जुनी कोंबडी, ठिपकी, कुठे दिसली नाही.

ठिपकी खुडूक होऊन अंगणाच्या टोकाला, जुन्या पावाच्या भट्टीत जाऊन बसली होती. पोटाखाली अंडी, सगळी त्या मेलेल्या कोंबड्यांची. बाकीच्यांच्या वाऱ्यालाही ती आली नव्हती. तामू भट्टीच्या तोंडाशी मटकन बसली आणि रडता रडता उपकार मोजू लागली. भट्टीचे, लार्बीचे, खुडूक होण्याच्या त्या वेडाचे.

त्याच सुमाराला बतूलची सून इल्हाम गावाला आली. कासाब्लांकाची पोर. नवरा तिथेच कामाला होता. तिचं दोनदा पोट पडलं होतं आणि आता पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत, धावपळ नाही. बतूलकडे सदा पाहुण्यांची वर्दळ आणि टीव्हीचा गोंगाट, म्हणून ती दुपारची तामूच्या अंगणात येऊन बसू लागली. तामूला ती खालती म्हणायची, म्हणजे मावशी. कोंबड्यांना मात्र भ्यायची.

"चावते का ही?"

"तुला बघून तीच घाबरलीय. बस लांब."

रोज एकदा ठिपकी दाणे टिपायला उठायची, धुळीत अंग घोळायची आणि घाईघाईनं परत भट्टीत शिरायची. तेवढ्यात तामू एकेक अंडं दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेला धरून बघायची. आत लाल धागे दिसले की अंडं चांगलं. स्वच्छ पाण्यासारखं दिसलं की वांझोटं, ते बाजूला. इल्हामला ते धागे पहिल्यांदा दिसले तेव्हा ती अंडं तिरिपेत फिरवून फिरवून बघत राहिली.

मग म्हणाली, "माझं दोनदा राहिलं नाही, खालती."

"माझं एकदाही नाही राहिलं, पोरी. ते पाणी सरकव इकडे."

तीन आठवडे झाले आणि अंड्यांना टोचे पडू लागले. इल्हाम ओल्या, लडबडलेल्या पिल्लाचं कवच सोडवायला हात पुढे करू लागली तशी तामूनं तिचा हात धरला. "त्याचं त्याला येऊ दे. बाहेरून सोडवलंस तर पायात जोर येत नाही." संध्याकाळपर्यंत ठिपकीच्या पंखांखालून पिवळी, तपकिरी डोकी डोकावू लागली. किती ते तामूनं मोजलं नाही, मोजूही दिलं नाही.

आता तिच्या मनात हिशेब पक्का झाला होता. यातल्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, मोठ्या होऊन अंड्यावर आल्या की वंश पुढे चालला. मग ठिपकीचं काम संपलं. उन्हाळ्याच्या शेवटी इल्हाम बाळंत होईल आणि ठिपकी तिच्या रफीशाला जाईल. तशीच कोंबडी लागते, जून, चरबीनं भरलेली. जमून आलं तर आपल्याला पुन्हा बतूलच्या दारात उभं राहता येईल. नाहीच जमलं तर हात हलवत जायचं तरी कुठल्या तोंडानं?

पिल्लांसाठी सार्डिनच्या रिकाम्या डब्यात पाणी ठेवलं, बुडू नयेत म्हणून आत खडे टाकले. भिजवलेला कुसकूस, बारीक चिरलेली कांद्याची पात. ठिपकी एक दाणा चोचीत धरून टाकायची, पुन्हा उचलायची, पुन्हा टाकायची आणि कुक-कुक करून सगळ्यांना बोलवायची. इल्हाम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून घारीवर नजर ठेवायची. काठीला जुना रुमाल बांधून तिनं एक निशाण केलं होतं. सावली दिसली की ती पोट सांभाळून उभी राहायची आणि निशाण नाचवत घारीला असल्या शिव्या घालायची की बतूल भिंतीपलीकडून म्हणायची, "कासाब्लांकाचं शिक्षण हे. ऐक तामू, ऐक."

तरी घारीनं काही नेलीच, दोन थंडीनं आखडली. बाकीची वाढली. लव गेली, बोडक्या मानेची, लांब तंगड्यांची ओंगळ कार्टी झाली, मग हळूहळू अंगावर पिसं बसली. नर आरवायला लागले तसे तामूनं ते बाजाराला धाडले, एक ठेवला. तीन तलंगा उरल्या. उन्हाळा चढला, गहू निघाला, इल्हामचं पोट पुढे आलं. तलंगांचे तुरे लाल होऊ लागले. पाठीवर हात ठेवला की त्या पंख सैल सोडून खाली बसू लागल्या.

"आता आलंच," तामू म्हणाली. "मग तुझी ठिपकी मोकळी."

"कशाला मोकळी?"

"तुझ्या रफीशाला. कशाला म्हणजे?"

इल्हामनं ठिपकीकडे पाहिलं. "दुसरी नाही का कुठली?"

"आहे की, दुकानात. कापूस."

इल्हामनं मूठभर दाणे ठिपकीपुढे टाकले. तिला या घरचा मान कळत होता.

पहिलं अंडं तिलाच सापडलं. लहानसं, कवचावर रक्ताची एक रेघ, अजून गरम. ते गालाला लावून ती हसली, आणि तामूनं आईचं, आजीचं, त्या मेलेल्या सगळ्या कोंबड्यांचं नाव घेऊन देवाला धन्यवाद दिले. मग दुसरीही अंड्यावर आली, तिसरीही. सगळ्या भट्टीतच अंडी घालू लागल्या. तामू निर्धास्त झाली, आणि तिथेच फसली. अंडी वेळेवर उचलायची राहिली, आणि एका सकाळी बघते तर ठिपकी त्यांच्यावर पिसं फुलवून बसलेली. पुन्हा खुडूक. तामूनं तिला दोनदा उठवलं, पाण्यात बुडवून काढलं, टोपलीखाली कोंडलं. सुटली की ती भट्टीत.

"बसू दे मेलीला," शेवटी तामू म्हणाली. "इल्हामला अजून अवकाश आहे."

अवकाश नव्हता. इल्हामला लवकर कळा आल्या, रात्रीतून सेत्तातच्या दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मुलगी दोघी घरी आल्या. वस्तीत आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. तामू आपल्या अंगणातच उभी राहून रडली आणि तिनं देवाचे इतके उपकार मानले की घसा बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाय बांधायची दोरी घेऊन भट्टीशी गेली. बतूलचा नवरा सी माआती सुरी घेऊन वाट बघत असेल, हे तिला ठाऊक होतं. हात आत घातला तशी ठिपकीनं मनगटावर टोच मारली. तामूनं तिला तरीही उचललं. खाली अंडी गरम होती. आदल्या दिवशीच तिनं ती उन्हाला धरून पाहिली होती, आणि सगळ्यांत लाल धागे होते. ठिपकी हातात हलकी लागत होती, पोटाची पिसं गळून कातडी उघडी पडलेली, छाती धडधडत होती. सगळं खुराडं मेलं तेव्हा हिनं त्यांची अंडी सोडली नव्हती. आणि बाहेर खुर्चीत बसून एक पोर महिनोन्‌महिने हिच्याकडे बघून धीर धरत होती.

तामूनं तिला परत अंड्यांवर ठेवलं. तलंगा नेण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या अंगावर वाटीभर मांस नव्हतं. मग ती झाडू घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडू लागली. बतूलच्या घरून मेथीचा वास यायला लागला. म्हणजे आणला असणार कापूस. बायकांचे आवाज येत होते. देवाला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण त्या सकाळी शब्द आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वस्तीतल्या बाळंतिणीच्या दाराशी जायला तिच्याकडे कारण नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फाटक धाडकन उघडलं. बतूल होती, हात पिठाचे, चेहरा तापलेला.

"काय गं, मेलीबिली की काय तू?"

"ठिपकी अंड्यांवर बसलीय, बतूल," तामू झाडूकडे बघत म्हणाली. "उचलवेना मला. काही नाही द्यायला."

"मग?"

"मग काय. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

"कोंबडी कोण मागतंय? दुकानातून आणली, चुलीवर शिजून गाळ झाली. बाळंतीण सकाळपासून तोंड मिटून बसलीय. म्हणते, खालती येईपर्यंत घास घेणार नाही. सगळ्या बायका ताटाकडे बघत बसल्यात, माझी अब्रू जायची पाळी आणलीस. टाक तो झाडू."

"मी दारात उभी राहते."

बतूलनं तामूचं मनगट धरलं, जिथे ठिपकीनं टोच मारली होती बरोबर तिथेच, आणि तिला ओढत रस्ता ओलांडला, दार ओलांडलं, बायकांमधून वाट काढत थेट आतल्या खोलीत नेलं. कुणी बाजूला सरकलं, कुणी उठून जागा दिली. इल्हाम उशांना टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, डोळे मात्र टपोरे उघडे.

"हात धुते आधी," तामू पुटपुटली.

"नंतर धू," बतूल म्हणाली आणि तिनं दुपट्यात गुंडाळलेली तीन दिवसांची नात सरळ तामूच्या मांडीवर ठेवली.

इतकं लहान मूल तामूनं कधी धरलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं आणि श्वास रोखून बसली. पोरीनं जांभई दिली. तामूला बोलायचं होतं, देवाचे उपकार मानायचे होते, पण डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ठिपकी बसलीय?" इल्हामनं हळूच विचारलं.

तामूनं मान डोलावली.

इल्हामनं ताट जवळ ओढलं. कोंबडीचा पहिला तुकडा तोडला, मेथीच्या रश्श्यात बुडवला, अर्धा आपल्या तोंडात घातला आणि अर्धा तामूच्या ओठांशी धरला. तामूनं तोंड उघडलं. बाळ मांडीवर असल्यामुळे तिला काहीच करता येत नव्हतं, म्हणून ती बाळंतीण ताट संपेपर्यंत तिला आपल्या हातानं भरवत राहिली.