हिमनदी काळी असते

निवृत्त माणसांच्या फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये किस्से साठतात ते गुडघ्यात पाणी साठतं तसे. कुणी बोलावलेलं नसतं, आणि डॉक्टरांनी काढलं तरी महिन्याभरात पुन्हा जमतं. आमचा ग्रुप साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर निम्म्यापर्यंत जातो आणि उरलेल्या निम्म्याबद्दल बोलत खाली येतो. गेल्या वर्षी हाच ग्रुप हिमालयात जाऊन आला. कुठल्या खोऱ्यात, ते सांगत नाही. पुढंमागं तिथं एखाद्या सातारकराला खोली मिळायला हवी!

मी भूगोलाचा प्राध्यापक होतो. डॉक्टरेट आहे, पण ती माण-खटावात पाऊस का पडत नाही यावर. प्रबंध पूर्ण झाला, पाऊस काही पडला नाही. आपल्या विद्वत्तेचा नक्की उपयोग काय, ही शंका मला तेव्हापासून आहे.

* * *

सहलीचं मूळ संपत. माझा जुना विद्यार्थी, आता साखर कारखान्याच्या शेती विभागातून निवृत्त. चाळीस वर्षांपूर्वी तो बी.ए.ला असताना मी ट्यूटोरियलमध्ये पाच मार्कांचा प्रश्न घातला होता : हिमनदीचे वर्णन करा. संपतनं लिहिलं, 'हिमनदी काळी असते. तिच्यावर दगडमाती असते. लांबून रस्त्याचे काम अर्धवट सोडल्यासारखे दिसते.'

मी लाल पेनानं शून्य दिलं. समासात लिहिलं, 'हिमनदी पांढरी असते. कल्पनाविलास नको.'

संपतचे वडील फौजेत होते. रजेवर आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यानं उतरवलं होतं. हे त्यानं मला सांगितलं ते मी निवृत्त झाल्यावर, चढावर, मला दम लागलेला असताना.

"वडलांना मी कवाच बोललो न्हाई सर, की तुमाला शून्य मिळालं म्हणून."

वडील आता नाहीत. तो कागद आहे. संपतनं लॅमिनेट करून ठेवलाय!

खरी गोष्ट अशी की मी हिमनदी कधीच पाहिली नव्हती. पुस्तकात फोटो होता, त्यात ती पांढरी होती. त्या काळी पुस्तकातलं सगळंच काळंपांढरं असायचं, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर तेहेतीस बॅचेस पांढरी हिमनदी शिकून बाहेर पडल्या होत्या. त्यातले काही जण आता स्वतः शिकवतात!

"चला, बगून येऊ," संपत म्हणाला. "पांढरी निघाली तर ह्यो कागद तितंच दरीत सोडतो. काळी निघाली तर तुमी मार्क द्यायचे."

मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

* * *

जाहिरातीत 'वसंतबहर सहल' असं लिहिलं होतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीचं ठरलं. मग आमच्या ग्रुपमधल्या, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांच्या रहिमतपूरच्या भावकीत लग्न निघालं. मग संपतच्या गावची जत्रा आली. मग माझ्या डॉक्टरांनी 'जा' म्हणायच्या ऐवजी 'बघू' म्हटलं. आम्ही पोचलो ते मेच्या अखेरीस.

सफरचंदाच्या बागांत एक पाकळी शिल्लक नव्हती. लिंबोळीएवढी हिरवी फळं लटकत होती.

गाईड म्हणाला, "आप लोग एक महीना लेट हैं."

"आमी न्हाई लेट," संपत म्हणाला, "झाडंच गडबडी हायत!"

हॉटेलच्या रिसेप्शनला मात्र भिंतभर बहराचा फोटो होता. आम्ही सगळे त्याच्यासमोर ओळीनं उभे राहिलो आणि फोटो काढून साताऱ्याला पाठवला. माझ्या धाकट्या बहिणीचं उत्तर आलं, 'दादा, इतकी फुलं! खऱ्या निसर्गाची सर कशालाच नाही.'

* * *

सुभेदारांनी निम्मी नोकरी बर्फात काढलेली. त्यामुळे माहितगार म्हणून त्यांना मुद्दाम पुढच्या सीटवर बसवलं होतं. बर्फाच्या पॉईंटला सगळी बस भाड्याचे कोट आणि भाड्याचे बूट घालून किंचाळत उतरली. सुभेदार जागचे हलले नाहीत.

"सुभेदार, चला की, बर्फ बघायला!"

"त्यात काय बगायचं? आमाला सरकार फुकट दाखवत हुतं."

संधी साधून मी त्यांच्या शेजारी बसलो. हळूच विचारलं, "हिमनदी काळी असते का हो, पांढरी?"

त्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. "सर, तुमच्या दोगांच्या भांडणात बोलायची मला ऑर्डर न्हाई."

परतताना एक पांढरंशुभ्र शिखर दिसलं. मी संपतला म्हणालो, "बघ! पांढरी!"

"त्यो डोंगर हाय, सर."

* * *

तीन दिवस पनीर खाल्ल्यावर ग्रुपमध्ये बंडाची भाषा सुरू झाली. संपत आचाऱ्याला काय बोलला देव जाणे, पण चौथ्या दिवशी दुपारी तो हॉटेलच्या भटारखान्यात उभा होता आणि हातात घरचा कांदा-लसूण मसाला होता.

फोडणी बसली. पहिल्यांदा आचारी बाहेर आला. मग वेटर. मग पहिल्या मजल्यावरचं नवविवाहित जोडपं. मग दिल्लीची सगळी मंडळी तोंडाला टॉवेल लावून हिरवळीवर जमली. इतकी गर्दी त्या हिरवळीवर बहराच्या दिवसांतही होत नसावी!

मॅनेजर खोकत खोकत माझ्याकडं आला. मी सगळ्यांत वयस्कर आणि चष्म्यामुळं जबाबदार दिसतो. "सर, आप लोगों का चेकआउट कब है?"

"परसों."

"कल नहीं हो सकता?"

* * *

बायक्का आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त नर्स. मूळ गाव कवठे महांकाळकडं, माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. देवदारांच्या जंगलात गाईडनं आम्हाला गोल उभं केलं आणि म्हणाला, "आँखें बंद कीजिए, जंगल की खामोशी सुनिए." आम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा बायक्का नव्हत्या.

 दरी, अस्वल, तिकडच्या पोलिसांना काय सांगायचं, त्यांच्या मुलाला फोन कुणी करायचा, इथपर्यंत मी पोचलो होतो. तेवढ्यात संपतनं हाक मारली.

खालच्या उतारावर शे-दीडशे मेंढरं होती. त्यांच्यामध्ये बायक्का मांडी घालून बसल्या होत्या आणि एका मेंढीचा जबडा उघडून दात बघत होत्या. शेजारी तिथला म्हातारा मेंढपाळ उकिडवा बसला होता. त्या कवठ्याचं मराठी बोलत होत्या, तो त्याच्या डोंगरातलं काहीतरी बोलत होता. दोघांनी एका मेंढीचा खूर साफ केला, दुसऱ्या एका मेंढीवरून कडाक्याचं भांडण केलं, मग त्यानं त्यांना मूठभर लोकर दिली.

"काय म्हणत होता हो?" मी विचारलं.

"त्येच्या पोरांना मेंढरं नको झाल्यात. आमच्याकडं बी तसंच हाय म्हटलं."

मला चार भाषा येतात. तिथं कुणी एकही विचारली नाही.

* * *

शेवटच्या दिवशी हिमनदी. आदल्या दिवशी मी माझा ऑक्सिमीटर ग्रुपमध्ये फिरवला होता. सगळ्यांचे आकडे उत्तम होते, माझाच घसरलेला. मृत्युपत्रात बदल करावा का, असा विचार चालू होता. बायक्कांनी माझी बोटं दोन मिनिटं चोळली आणि आकडा वर आला. "बोटं गार पडल्यात, बाकी काय न्हाई. आता न जायाचं निमित्त शोधू नका." त्यामुळं जाणं भाग होतं.

घोड्यांवरून दोन तास गेल्यावर झाडं संपली. एका राखाडी, ओबडधोबड माळावर घोडे थांबले. खडी क्रशरच्या आवारात असतो तसा खच. मोठाले धोंडे, मुरूम, चिखल. सुभेदारही या वेळी आले होते. उतरले आणि उगीचच दुसरीकडं बघत उभे राहिले.

मी घोडेवाल्याला विचारलं, "भाई, ग्लेशियर यहाँ से कितना दूर है?"

त्या म्हाताऱ्यानं माझ्या बुटांकडं पाहिलं.

तोवर बायक्का गुडघे टेकून, पदर सावरून, दगडांना कान लावून बसल्या होत्या. पाण्यासाठी जन्म गेलेल्या मुलखातल्या त्या. "सर," त्या म्हणाल्या, "खाली पानी वाहतंय. लय वाहतंय!"

घोडेवाल्यानं बुटाच्या टाचेनं दोन धोंडे बाजूला सारले, मुरूम खरवडला. खाली काळपट काचेसारखा बर्फ होता.

"साहब, आप उसी पे खड़े हैं."

संपत हसेल म्हणून मी मान वर केली नाही. तो हसला नाही. खाली वाकला, तळवा त्या काळ्या बर्फावर ठेवला आणि तसाच राहिला. मग उठून, हात पँटला पुसून, त्यानं बायक्कांकडं पट्टी कापायची कात्री मागितली. आतल्या खिशातून कागद काढला आणि लॅमिनेशनची कड जपून कापली.

लाल पेन मी साताऱ्याहूनच आणलं होतं. तीन स्वेटरांपैकी सगळ्यांत आतल्या स्वेटराच्या खिशात होतं. ते काढायला बराच वेळ लागला. घोड्याच्या खोगिरावर कागद ठेवून मी शून्य खोडलं, समासातलं वाक्य खोडलं आणि मार्क लिहून कागद परत दिला.

"साडेचार?" संपत म्हणाला.

"अर्धा आकृतीचा. आकृती काढलेली नाहीस."

त्यानं कागद बघितला. पायाखाली बघितलं. मग माझ्याकडं.

"तुमी तरी फळ्यावर कवा काढली हुती, सर?"

मी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं.