हॅनाचा दुसरा महिना

देवस्थळी बाईंकडे खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि नंतर काही बोललेच नाहीत. मी करमाळ्याहून आलेली, सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी नुकतीच लागलेली. आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंच. पाच-सात मिनिटांनी बाई म्हणाल्या, "राहा तू. तुझ्याआधी तीन मुली येऊन गेल्या. तिघींनी मला आपापल्या घराण्याची माहिती दिली. मी विचारली नव्हती."

वारज्यात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. बाईंचा दोन खोल्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या एका कॉलेजात इतिहास शिकवत आणि पीएच.डी. करत. त्यांचा विषय ऐकून स्टाफरूममधले लोक हसत. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या जंगलांतून घोड्यावर फिरणारे क्वेकर प्रचारक. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक पंथ, ज्यात पुजारी नाही. सगळे एकत्र गप्प बसतात. बाई असो वा पुरुष, ज्याला आतून काही जाणवेल त्याने उठून बोलायचं. काहींना असं जाणवे की दूरच्या वस्त्यांवर जायला हवं. मग गावच्या मंडळींकडून पत्र घेऊन, एक सोबती बरोबर घेऊन, ते नद्या ओलांडत, लाकडी झोपड्यांतून मुक्काम करत महिनोन् महिने हिंडत. मोबदला घेत नसत.

"अहो, पुण्यात बसून अमेरिकेतल्या घोड्यांचा अभ्यास?" एका सहकाऱ्याने विचारलं होतं.

"तुम्ही पुण्यात बसून अकबराचा करताच ना," बाई म्हणाल्या.

त्या प्रचारकांपैकी हॅना नावाची एक स्त्री बाईंची खास होती. तिच्या रोजनिशीच्या झेरॉक्स प्रती त्यांनी अमेरिकेतल्या एका ग्रंथालयातून टपालाने मागवल्या होत्या. मंडईतून आणलेली मेथी निवडता निवडता त्या मला बातमी द्यायच्या, "हॅना नदीपाशी अडकलीय गं. पाणी उतरेपर्यंत काही खरं नाही." जणू मावसबहीणच. मी ऑफिसमधलं गाऱ्हाणं सुरू केलं की म्हणायच्या, "आतून आलं असेल तर बोल. नुसतंच तोंडाशी आलं असेल तर चहा घे."

प्रबंध टाईप करायचं काम मी आपणहून मागून घेतलं; स्वयंपाकघरात बसून करायचे. बाईंनी मला इंग्रजी बोलायला शिकवलं होतं, तापात उशाशी बसल्या होत्या; माझ्याकडून देण्यासारखं तेवढंच होतं. त्यातलं चौथं प्रकरण हिवाळ्यातल्या प्रवासांचं. ऐन गारठ्यात, दुसऱ्या महिन्यात, फेब्रुवारीत, हॅना चारशे मैल गेली. इतर प्रचारक घरी शेकत बसलेले असताना ती निघाली, यावर बाईंचा सगळा युक्तिवाद उभा होता. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्याआत डॉक्टरेट व्हावी ही त्यांची एकुलती एक इच्छा मला माहीत होती.

प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, बाई मला समोर बसवून चौथं प्रकरण बोलून दाखवत होत्या. मी कसंबसं म्हटलं, "बाई, त्याच पानावर हॅनाने घोडा कोवळ्या गवतावर सोडलाय. आमच्या अण्णांचा टांगा होता. फेब्रुवारीत तिकडे बर्फ ना? मग गवत कुठलं?"

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. मग उठल्या, कपाटातून एकेक पुस्तक काढत गेल्या. दुपारचं जेवण राहिलं. चारच्या सुमाराला त्या जमिनीवर पुस्तकं पसरून बसल्या होत्या. क्वेकर लोक महिन्यांची नावं लिहीत नसत, नुसते आकडे लिहीत. आणि हॅनाच्या काळात त्यांचं वर्ष मार्चपासून सुरू होई. म्हणजे दुसरा महिना एप्रिल.

"चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्या घरात जन्म गेला माझा," बाई म्हणाल्या, "आणि मला हे तपासावंसं वाटलं नाही. मला हिवाळाच हवा होता ना!" मग माझ्याकडे वळून, "तुला कधी दिसलं हे?"

"टाईप करताना."

"म्हणजे चार महिन्यांपूर्वी?"

"मला वाटलं, माझंच चुकत असेल. तुम्हाला मी काय सांगणार?"

"अगं, आतून आलेलं सांगायला ती बाई चारशे मैल गेली. आणि तुला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येववलं नाही?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं.

चूक ऐकून प्रबंधाच्या गाईडनी फोनवर सांगितलं, कुणाच्याही लक्षात येणार नाही, आधी पदवी घ्या, पुस्तक काढताना दुरुस्त करा. बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या "बरं"चा अर्थ मलाही कळला नाही.

मंगळवारी मी रजा घेऊन मागच्या रांगेत बसले. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खूश होते. म्हणाले, "बाई, तुमचं हिवाळ्याचं प्रकरण वाचून मी थक्क झालो. त्याबद्दल दोन शब्द सांगा."

बाई उभ्या राहिल्या आणि बोलेनात. गाईड घड्याळ बघू लागले. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी मनात म्हणत होते, बाई, नुसते आभार माना आणि खाली बसा.

"ते प्रकरण चूक आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मार्चपासूनचे महिने फळ्यावर लिहून दाखवले. शेवटी म्हणाल्या, "मला तिला शूर करायचं होतं. ती शहाणी होती. बर्फ वितळल्यावर निघाली."

प्रकरण नव्याने लिहून प्रबंध पुन्हा सादर करा, असा निर्णय झाला. परतीच्या बसमध्ये मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "गप्प बस. आज पहिल्यांदा मला माझा विषय कळला."

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने निरोप दिला तो श्रीमती देवस्थळींना, डॉक्टर देवस्थळींना नाही. पदवी त्यानंतर सात महिन्यांनी आली, तेव्हा तिचा नोकरीत काही उपयोग उरला नव्हता. पुढे नऊ वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्या पुतण्याने प्रबंधाची एक प्रत मला दिली.

चौथ्या प्रकरणाखाली एक तळटीप आहे. महिन्यांची चूक कुणी दाखवली, ते बाईंनी तिथे लिहिलंय. माझं नाव, मध्ये अण्णांचं नाव, मग आडनाव. ती प्रत घेऊन मी करमाळ्याला गेले. अण्णांना इंग्रजी येत नाही. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि नाव वाचून दाखवलं.

"माझंबी नाव हाय यात?" ते म्हणाले. "कशापायी?"

"मी बाईंची चूक दाखवली होती, अण्णा."

अण्णांनी बोट तिथून उचललं नाही. "आपली चूक दावणारीचं नाव बापासकट लिवलं," ते म्हणाले. "मला त्यांना एकदा भेटवायचं हुतंस गं."