खिळ्यांचा भाव

मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि आमचं फोनवरचं बोलणं हळूहळू आटत गेलं. जेवलीस का? हाँ. बरी आहेस ना? हाँ, आई. पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचायचं नाही. लखनौत वाढलेली मुलगी. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची जुनी रीत. आता ती उत्तरंही एकेका शब्दाची व्हायला लागली. एकदा मी विचारलं, "संध्याकाळी करतेस तरी काय?"

"गेम खेलती हूँ, ऑनलाइन. सब दोस्त वहीं रहते हैं."

म्हटलं, सगळे तिथेच राहत असतील तर आपणही जाऊन राहावं.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी हट्टानं तिच्याकडून तो गेम माझ्या कॉम्प्युटरवर घालून घेतला. भलंमोठं राज्य होतं ते. डोंगर, जंगलं, गावं, बाजार, आणि आपापल्या घरी बसून त्यात हिंडणारी देशोदेशीची माणसं. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि एक धंदा पत्करायचा. मी बुटकी, रुंद खांद्यांची लोहारीण झाले. नवरा रेल्वेत इंजिनियर आहे. त्यानं चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फारसा फरक नाही."

सुरुवातीला मुलगी माझ्याबरोबर हिंडली. मी खड्ड्यात पडायची, ती येऊन काढायची. मी दरवाज्याऐवजी भिंतीत घुसायची, ती वाट पाहत उभी राहायची. बंगळुरूला परतल्यावर तिचा धीर संपला. "आई, नए लोगों का अलग चैनल है. वहाँ पूछ लिया करो, सब बता देते हैं." जिच्यासाठी मी त्या राज्यात पाऊल टाकलं, तिनं मला वेशीपाशीच परक्यांच्या हवाली केलं आणि ती मित्रांबरोबर राक्षस मारायला निघून गेली.

इथे सांगायला हवं की मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवते. वस्तूची किंमत कशी ठरते, हाच माझा विषय. त्यामुळे पैशाच्या बाबतीत मला कुणाला काही विचारावं लागेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी खाणीतून लोखंड खणलं, भट्टीत वितळवलं, तलवार घडवली आणि दुकानदाराकडे नेली. त्यानं हातावर जे टेकवलं त्यात तलवारीतलं लोखंडसुद्धा आलं नसतं. मला वाटलं, आपलीच तलवार वाईट. आणखी केल्या, तीच गत. मग लिलावाच्या बाजारात जाऊन पाहिलं, तर तिथे लोखंड चढ्या भावानं जात होतं आणि तलवारी मातीमोल पडल्या होत्या. परीक्षेत कुणी असं उदाहरण लिहिलं असतं तर मी ते खोडलं असतं.

शेवटी नवशिक्यांच्या चॅनलवर प्रश्न टाकला. तिथली बोली म्हणजे इंग्रजी अक्षरांतली हिंदी. मी इथे मराठीतच सांगते.

"कच्चा माल महाग आणि तयार माल स्वस्त, हे कसं काय?"

एकानं हसणारं तोंड पाठवलं. दुसऱ्यानं विचारलं, "आंटी आहे का ही?" मग लांब दाढीच्या एका वैद्यानं उत्तर लिहिलं. वैद्य हेही अर्थात कुणाचं तरी सोंगच.

"तुम्ही तलवार विकायला केलीत. बाकीचे शिकायला करतात. करून करून हात बसला की वरची पायरी मिळते. झालेल्या तलवारींचं काय करायचं याची त्यांना फिकीर नसते. मिळेल त्या भावात फुंकून टाकतात."

मला आमच्या विभागातलं प्रबंधांचं कपाट आठवलं. तेही असेच, करणाऱ्याला वरची पायरी देऊन कपाटात पडलेले.

"मग मी काय करावं?"

"काहीही करण्याआधी विचारा, घेणारा कोण? तलवार माणूस एकदाच घेतो. पण इथे ज्याला त्याला घर बांधायचंय, आणि घराला खिळे लागतात. खिळे करायला कुणी तयार नाही, कारण त्यात शोभा नाही."

मी खिळे केले. ते विकले गेले. आणखी केले, तेही गेले. त्या आठवड्यात मी वर्गात जरा जास्तच तोऱ्यात शिकवलं असावं.

पुढे वैद्याची आणि माझी भागीदारी झाली. त्यानं डोंगरातून लोखंड आणायचं, मी खिळे ठोकायचे आणि कमाई वाटून घ्यायची. वाटणीवरून आमचे वाद व्हायचे. मी म्हणायची, भट्टीचा कोळसा माझा आहे. तो म्हणायचा, डोंगरात लांडगे मला चावतात. पण तो कधी पातळी सोडून बोलला नाही आणि माझ्या कुठल्याही बाळबोध प्रश्नाला हसला नाही. एकदा नवरा मागे उभा राहून आमची घासाघीस वाचत होता. "निशातगंजच्या मंडईत भैया सांगेल तो भाव देतेस," तो म्हणाला, "आणि इथे खोट्या नाण्यांसाठी एवढं भांडतेस?"

"तिथे भैया समोर असतो," मी म्हटलं.

खरं तर समोरच्या माणसाशी न बोलण्याचा मला चांगलाच सराव होता. विभागात माझे एक सहकारी आहेत, त्यांच्याशी माझा कित्येक वर्षांचा अबोला. पैसा आणि बँकव्यवहार हा पेपर आधी मी शिकवायची. एका जुलैत वेळापत्रक लागलं आणि तो त्यांच्या नावावर गेलेला दिसला. त्यांनी खटपट करून घेतला, असं मी ऐकलं आणि विचारायच्या भानगडीत पडले नाही. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार विभागाच्या क्लार्कमार्फत चालायचा. दोघंही त्याच खोलीत असलो तरी, "सर से कहिए" आणि "मैडम को बता दीजिए." प्रत्येक बैठकीत मी काही मांडलं की ते घसा साफ करून म्हणायचे, "मूल प्रश्न यह नहीं है." मूळ प्रश्न कोणता, हे मात्र बैठक संपेपर्यंत कळायचं नाही.

जेठातल्या, म्हणजे आपल्या ज्येष्ठातल्या, एका मंगळवारी वैद्य उशिरा उगवला. लिहिलं, "माफ करा. रस्त्यात हनुमानाचे इतके भंडारे होते की पुरी-भाजी खाल्ल्याशिवाय कुणी पुढे सोडेना." जेठातले मंगळवार असे साजरे करणारं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही. म्हणजे माझा भागीदार लखनौचा होता. मला बरं वाटलं, पण मी बोलले नाही. पुढे एकदा ऐन सौद्यात आमच्या अलीगंजातली वीज गेली. परत आली तेव्हा मी धावत येऊन बसले, तर वैद्यही नुकताच येत होता. "बत्ती गेली होती," त्यानं लिहिलं. असं पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मला कळलं की लांडग्यांशी लढणारा हा माणूस माझ्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे.

मग एका संध्याकाळी बाजार थंड होता आणि वैद्य गप्पांच्या लहरीत होता. त्यानं लिहिलं, "आमच्या विभागात एक बाई आहेत. किंमत कशी ठरते ते शिकवतात. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात एक लिंबूसुद्धा घासाघीस करून घेतलं नसेल."

ती बाई म्हणजे मीच. अलीगंजात राहणारा आणि अर्थशास्त्राच्या विभागात असणारा माणूस दुसरा कोण असणार? मी लिहिलं, "त्यांचीही काही बाजू असेल."

"असेल," उत्तर आलं. "कधी विचारली नाही. पण मूळ प्रश्न तो नाही."

उरलीसुरली शंकाही गेली.

मी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला बोलताच येईना. फिर? फिर क्या बोले? तुमने क्या लिखा? असं तिनं खोदून खोदून विचारलं. त्या दिवशी आम्ही पोटभर बोललो. शेवटी ती म्हणाली, "आई, ब्लॉक कर दो उनको."

"नको," मी म्हटलं. "लोखंड त्यांच्याकडे आहे."

मग दुहेरी आयुष्य सुरू झालं. सकाळी कॉरिडॉरमध्ये आम्ही एकमेकांना वळसा घालून जायचो आणि संध्याकाळी तोच माणूस मला विचारायचा, "आज लवकर आलात, तब्येत बरी आहे ना?" मला सगळं माहीत होतं आणि त्यांना काहीच नाही, या जाणिवेत एक सुख होतं, हे नाकारत नाही. पण सुखात तोंड सैल सुटतं.

जुलैतल्या बैठकीत त्यांनी एक नवा पेपर सुरू करायचा प्रस्ताव आणला. भारदस्त नाव, लांबलचक यादी. ते वाचत होते, आणि मला ती शोभेची तलवार दिसत होती. क्लार्ककडे न वळता, थेट त्यांच्याकडे पाहून मी म्हटलं, "कुछ भी बनाने से पहले यह सोचिए, लेने वाला कौन है."

खोलीतल्या इतरांना नवल वाटलं ते मी त्यांच्याशी बोलले याचं. त्यांना मात्र त्या वाक्याचंच. हातातला कागद त्यांनी खाली ठेवला. मूळ प्रश्नाचं नावसुद्धा निघालं नाही.

त्या संध्याकाळी वैद्य आला नाही. नंतरही कितीतरी दिवस आला नाही. मी लिलावात महागाचं लोखंड घेऊन खिळे ठोकत राहिले. त्यात काही सुटत नव्हतं आणि मजाही नव्हती. माझं वाक्य मागे घेता आलं असतं तर घेतलं असतं, पण ते माझं नव्हतंच, त्यांचं होतं.

मग एका सकाळी जिन्यात ते समोरून येताना दिसले. नेहमीप्रमाणे मी भिंतीकडे सरकले. ते थांबले आणि कठड्याकडे बघत म्हणाले, "लोहा ले लीजिए. जितना मिले. बरसात है, सब अंदर बैठकर वहाँ घर बनाएँगे, भाव चढ़ेगा."

अनेक वर्षांनंतर ते माझ्याशी थेट बोलले, ते हे. मी म्हटलं, "जी." आणि घरी जाऊन साठवलेल्या सगळ्या नाण्यांचं लोखंड घेतलं. त्यांनीही घेतलं.

थोड्याच दिवसांत गेम चालवणाऱ्यांनी नियम बदलला. नव्या खेळाडूंना सोपं जावं म्हणून घरं यापुढे बिनखिळ्यांची उभी राहणार होती. लोखंडाला कुणी विचारेना. खिळे तर दुकानदारही घेईना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. तिथे पाऊल टाकल्याला युग लोटलं होतं. त्यांनी खुर्चीवरचे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलून मला बसायला जागा केली.

"सब डूब गया?" त्यांनी विचारलं.

"सब."

"मेरा भी." मग ते चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "मी पैसा शिकवतो, तुम्ही किंमत शिकवता. हे बाहेर कळायला नको." हे हिंदीत, अर्थात.

मी हसले. ते हसले नाहीत, पण चहा मागवला. चहा आल्यावर मी विचारलं, "तो पेपर तुम्ही का घेतलात?"

"घेतला नाही. माझ्यावर टाकला. तुम्हीच नको म्हणालात, असं मला सांगण्यात आलं होतं."

"मी कधीच नको म्हटलं नाही."

"मग विचारायचं होतं."

"तुम्हीही विचारलं नाहीत."

आम्हाला दोघांना ज्यांनी सांगितलं ते तेव्हाचे विभागप्रमुख केव्हाच निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले. चहा फार गोड होता. तो आम्ही संपवला.

त्यांनी गेम सोडला. आता ते मोगऱ्याच्या कुंड्या करतात आणि फुकट वाटतात. पेपर त्यांनी मला परत देऊ केला, तर अभ्यासक्रम पाहून माझ्या लक्षात आलं की तो भलताच कंटाळवाणा झालाय. मी नको म्हटलं, या खेपेला खरोखर. मुलगी मात्र रविवारी मला राज्यात बोलावते. आम्ही दोघी एका तळ्याकाठी मासे धरत बसतो, आणि ती तिच्या ऑफिसातल्या माणसांविषयी सांगते. मासे विकत नाही.

पुढच्याच बैठकीत सरांनी माझ्या प्रस्तावाला विरोध केला. फक्त आता कारणं माझ्या तोंडावर सांगितली. ती ऐकून घेतली. त्यातली निम्मी बरोबर होती. कोणती निम्मी, यावर आमचा वाद चालू आहे.