चौघांच्या खांद्याएवढी वाट

तंजावूरला गाडी पोचली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. मद्रासहून रात्रभर छोट्या रुळांवर डुलत आलेल्या त्या गाडीतून मी उतरले आणि सवयीप्रमाणे आधी सामान मोजलं. बॅग, थर्मास, पिशवी, आणि पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळलेले माझे तक्ते. सगळं जागेवर होतं.

त्या तक्त्यांसाठीच तर मला बोलावलं होतं. सातारा जिल्ह्यात पंचायतीवर निवडून आलेल्या बायकांची शिबिरं मी काही वर्षं घेत होते. राज्यघटना म्हणजे काय, ग्रामसभा कशी भरते, ठराव कसा मांडायचा, हे सगळं चित्रांतून सांगायचं. तमिळनाडूत पंचायतीच्या निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या आणि राखीव जागांवर खूप बायका निवडून आल्या होत्या. तिथल्या एका संस्थेला आमची पद्धत बघायची होती. तमिळ मला ओ की ठो येत नव्हतं. त्याची सोय संस्थेने केली होती, आणि ती सोय समोरच उभी होती: निवृत्त मुख्याध्यापिका सरोजाबाई. कडक कांजी केलेली सुती साडी आणि दोन्ही नाकपुड्यांत चमकी.

"यावा, यावा. गाडींत नीज लागली की?" त्या म्हणाल्या.

ही तंजावूरची मराठी. भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेल्या कुटुंबांनी घरात जपलेली. शब्द आपल्या पणजीच्या तोंडचे, पण हेल तमिळ. पहिला अर्धा तास मी नुसती ऐकत राहिले. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. तक्त्यांवरचे मथळे पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "चित्रें बरीं आहेत."

राजवाड्यामागच्या गल्लीत त्या आणि त्यांचे थोरले बंधू गोविंदराव राहत. गोविंदराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे. तिरुवैयारूच्या पलीकडे त्यांची वडिलार्जित भातशेती होती, ती कुळाकडून करून घेत. घराच्या कौलांवर डिशची थाळी, कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ. तिथून घरी फोन करून सुखरूप पोचल्याचं कळवलं आणि जेवायला बसले. केळीच्या पानावर भात, रसवंगी (डाळ-खोबरं घातलेली वांग्याची पातळ भाजी) आणि डांगर पच्चडी (दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ). गोविंदरावांनी मला आग्रह करकरून वाढलं. माझं काम ऐकून म्हणाले, "शिकवा, शिकवा. मतें मागायला येणार नाहीं तुम्ही, तेवढें बरें."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने शिबिराच्या गावी निघालो. तिरुवैयारूच्या रस्त्यावर एकामागून एक पूल येतात. पाच नद्यांचा मुलूख. दोन्ही बाजूंना पिकून पिवळं झालेलं भात आणि मधून मधून नारळ. मी बघण्यात इतकी गुंगले की गावाच्या फाट्यावर उतरले आणि बस गेल्यावर लक्षात आलं, तक्त्यांची नळी वरच्या फळीवरच राहिली. मी, जी दुसऱ्यांना सामानाची यादी करायला लावते. सरोजाबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

शाळेच्या व्हरांड्यात आजूबाजूच्या गावांतल्या पंधरा-वीस सदस्या बसल्या होत्या. त्यात त्या गावच्या पंचायतीची अध्यक्ष (आपल्याकडची सरपंच) चिन्नपोन्नु होती. चाळिशीची, रापलेली, भातलावणीला जाणारी बाई. अध्यक्षपद दलित स्त्रीसाठी राखीव झालं म्हणून निवडून आलेली. ती खांबाशी, सगळ्यांच्या मागे बसली होती.

तक्ते नव्हते, तेव्हा मी दुसरा उपाय काढला. या बायका रोज पहाटे दारात कोलम (तांदळाच्या पिठाची रांगोळी) घालतात. म्हटलं, त्याच पिठाने फरशीवर याच गावाचा नकाशा काढा. काम झपाट्याने झालं. देऊळ, तळं, देवळाच्या भोवतालच्या चार आळ्या, रेशनचं दुकान, शाळा, कालवा. केसांत अबोलीची वेणी माळलेल्या एका तरुण सदस्येने तर कालव्यावर बदकंही काढली. चिन्नपोन्नुने देवळामागचं चिंचेचं झाड दाखवलं. नकाशा पुरा झाला असं सगळ्यांनी एकमताने सांगितलं.

मी चिन्नपोन्नुला विचारलं, तुझं घर कुठं?

तिने व्हरांड्याच्या पायऱ्यांकडे बोट केलं. तिथे सगळ्यांच्या चपला होत्या. ती थट्टा करत नव्हती. कॉलनी (दलितांची वस्ती) त्याच दिशेला, शेतांच्या पलीकडे होती, आणि गाव काढायचं म्हटल्यावर कॉलनी काढायची हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही. मग वेणीवाली उठली, चपला बाजूला सारल्या आणि पिठाची वाटी चिन्नपोन्नुच्या हातात दिली.

तिने घरं काढली. मग कॉलनीपासून एक बारीक रेघ ओढत नदीपर्यंत नेली. तो शेताचा बांध. त्यांच्या मसणवट्याला जायला तेवढाच रस्ता. सरोजाबाई तिचं बोलणं एकेका वाक्याने मला सांगत होत्या. बांध एका माणसापुरता आहे. तिरडी उचलायला चौघं लागतात. उन्हाळ्यात जमतं. पावसाळ्यात मात्र दोन्ही बाजूंची माणसं गुडघाभर चिखलात, कुणाच्या तरी लावलेल्या रोपांवरून चालतात. मग कूळ ओरडायला येतं, आणि मढं खांद्यावर असताना भांडण होतं. गेल्या कार्तिकात चिन्नपोन्नुच्या सासूला नेताना तिरडी कलंडली होती. अध्यक्ष झाल्यावर पहिल्या ग्रामसभेत हाच ठराव मांडायचा, असं तिने ठरवलं होतं. सभा दोनच दिवसांवर होती, सव्वीस जानेवारीला.

मी विचारलं, शेत कुणाचं?

सरोजाबाईंनी प्रश्न तमिळमध्ये सांगितलाच नाही. उत्तर त्यांनीच दिलं. "आमच्या अण्णाचें."

दुपारी उपाध्यक्ष येऊन बसले. देवळाच्या आळीतले, गोड बोलणारे गृहस्थ. ठरावाला त्यांची हरकत नव्हती म्हणे, पण मालकाची संमती नसताना विषय घेता येणार नाही. मला उत्तर सोपं वाटलं. सरोजाबाईंनी रात्री घरी भावाकडे शब्द टाकायचा, संमती घेऊन टाकायची. सरोजाबाईही तयार होत्या. अण्णा नाही म्हणणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

चिन्नपोन्नुने मान हलवली. "नको, टीचरम्मा."

कारण तिने सावकाश सांगितलं. मोठ्या अय्यांनी (मालकांनी), म्हणजे सरोजाबाईंच्या वडिलांनी, कॉलनीला शेतातल्या विहिरीवर पाणी भरायची मुभा दिली होती. ते वारले आणि त्यानंतर आलेल्या कुळाने विहिरीला दार लावून कुलूप घातलं. कुणी काही बोलू शकलं नाही, कारण कुठे काही ठरलेलंच नव्हतं. "तुम्ही घरात मागितलंत तर अय्या वाट देतील. पण ती त्यांची कृपा असेल. मला सभेत मागायची आहे. अय्यांनी तिथं यावं."

बसमध्ये सरोजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "विहिरीचें मला ठाऊक नव्हतें," एवढंच म्हणाल्या.

रात्री जेवताना त्यांनी भावाला निरोप दिला.

"बोलावणें? कोणाचें?"

"पंचायतीच्या अध्यक्षांचें."

"चिन्नपोन्नूचें? तिची आई आपल्याकडे भात कांडायला येत होती." त्यांनी ताक बाजूला ठेवलं. "घरीं यावें, मागावें. मी कधीं नाहीं म्हटलों काय?"

"म्हणूनच, अण्णा," सरोजाबाई म्हणाल्या.

ते हात धुवायला उठले. येणार की नाही, ते सांगितलं नाही.

सव्वीस तारखेला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटून झाल्या आणि सभा बसली. पटांगणाच्या एका बाजूला देवळाच्या आळ्या, दुसऱ्या बाजूला कॉलनी, मधे चांगली दहा हात मोकळी जागा. चिन्नपोन्नु खुर्चीत अगदी कडेवर बसली होती. रेशनचा विषय झाला, दिव्यांचा झाला. उपाध्यक्ष सारखे फाट्याकडे बघत होते. मालक आले नाहीत तर वाटेचा विषय पुढे ढकलू, असं त्यांनी दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा चिन्नपोन्नुने आणखी एखादा दिवा चर्चेला काढला.

तेवढ्यात अॅम्बॅसडर आली. पांढरी वेष्टी (धोतर), खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र घेतलेले गोविंदराव उतरले. सगळी सभा उठली. चिन्नपोन्नुही सवयीने उभी राहिली, आणि मग सगळ्यांच्या आधी परत खुर्चीत बसली.

तिने विषय मांडला. सरोजाबाई माझ्या कानाशी सांगत होत्या, पण त्याची फारशी गरज नव्हती. गोविंदरावांनी विचारलं, किती रुंद हवी?

"चौघं खांदा देऊन चालतील एवढी."

"म्हणजे किती?"

तिने कॉलनीतल्या चौघांना दोन बांबू घेऊन मधल्या मोकळ्या जागेत उभं केलं. कुणीतरी म्हणालं, रिकामी तिरडी कशी मोजणार? एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "मला निजवा. तसाही माझाच नंबर आहे."

मागून त्याची बायको ओरडली, "आधी ठराव होऊ दे, मग मर."

दोन्ही बाजू हसल्या. गोविंदरावही हसले. चौघांच्या बाहेरच्या पावलांपाशी खडूने खुणा झाल्या आणि शाळेच्या मास्तरांनी टेप लावला. गोविंदराव खाली वाकून बराच वेळ त्या खुणांकडे बघत होते. मग लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाले, "लिहा. गोविंदरावांनी कॉलनीला वाट दान दिली."

टाळ्या सुरू झाल्या होत्या. चिन्नपोन्नुचा आवाज त्यातून कापत आला. "अय्या, दान लिहू नका. पंचायतीने मागितली, तुम्ही कबूल झालात, एवढंच लिहा. दान दिलेलं उद्या तुमची मुलं परत घेतील. मग आम्ही कुणाकडे जायचं?"

टाळ्या थांबल्या. गोविंदरावांचा चेहरा उतरला. ते बहिणीकडे वळून आमच्या भाषेत म्हणाले, "ऐकलीस? देतों, तर नक्को म्हणते."

"देऊं नको, अण्णा," सरोजाबाई म्हणाल्या. "कबूल हो."

त्या तिथे उभ्या राहून भावाशी असं बोलल्या, याचा अर्थ त्या सभेत फक्त आम्हा तिघांना कळला. गोविंदरावांनी अंगवस्त्र सारखं केलं. कारकुनाने नव्याने लिहिलेला मजकूर त्यांनी मोठ्याने वाचून घेतला, त्यातला जमिनीचा चुकलेला नंबर दुरुस्त केला आणि सही केली. मतदानाला कॉलनीचे सगळे हात वर झाले. पलीकडच्या बाजूला आधी वेणीवालीचा, मग आणखी काही, आणि शेवटी उपाध्यक्षांचा, कोपरापर्यंत.

तालुक्याच्या कचेरीत पुढचं बरंच बाकी होतं, हे चिन्नपोन्नुलाही ठाऊक होतं. कधी कुणाकडे जायचं ते मी तिला सांगितलं, तिने सरोजाबाईंकडून ते पाठ करून घेतलं.

परतताना गोविंदरावांनी तिरुवैयारूत गाडी थांबवून अशोका (मुगाच्या डाळीचा तुपाळ हलवा) घेतला. पुडा माझ्या हातात देताना म्हणाले, "आमच्या वडिलांना हें बरें वाटलें नसतें."

"तुला?" सरोजाबाईंनी विचारलं.

"मला अजून कळेना."

घरी परतल्यावर महिन्याभरात आमच्या तालुक्यात नेहमीचं शिबिर होतं. नवे तक्ते तयार होते, पण ते मी गुंडाळीतच ठेवले. हक्क म्हणजे काय, या नेहमीच्या प्रश्नाऐवजी मी विचारलं, तुमच्या गावात अशी कुठली गोष्ट आहे, जी कुणाच्या तरी चांगुलपणावर चालते?

मग मागून एकजण म्हणाली, "अंगणवाडी भरते ती ओसरी. तात्यांची आहे."

"तात्या चांगले आहेत," दुसरी म्हणाली.

"आहेत की," तिसरी म्हणाली, "पण तात्या ऐंशीचे आहेत."

मग बोलायला सगळ्यांनाच सुचलं. जेवणाची सुट्टी त्या दिवशी मला उशिरा द्यावी लागली.