बाईंचा शनिवारचा चहा

सकाळी लायटर चालेना म्हणून काडीने गॅस पेटवला. टीव्हीवर इस्रायल-पॅलेस्टाइनच्या तोडग्याची चर्चा चालू होती, आणि काडीच्या त्या वासाने मी कर्वेनगरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन पोचले.

शेजारच्या एस्तेरबाई मराठी ज्यू, निवृत्त शिक्षिका. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, त्यामुळे त्या गॅस पेटवत नसत, दुसऱ्याला पेटव असं सांगतही नसत. वरच्या मजल्यावर राहणारा नबील हा पॅलेस्टिनी विद्यार्थी दर शनिवारी आपणहून येऊन त्यांचा चहा ठेवायचा.

एकदा बातम्या बघताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाईंचा भाऊ इस्रायलमध्ये राहत होता. नबीलच्या आजोबांचं घर तिकडेच गेलं होतं. तो दार आपटून गेला.

त्या शनिवारी मीच चहा घेऊन निघाले, तर बाईंच्या स्वयंपाकघरातून काडीचा वास आला. नबील पातेल्याशी उभा होता.

"तुझं परवाचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"मलाही तुमचं नाही, बाई," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःसाठीही कप काढला.

तेव्हा मला गंमत वाटली होती. आज त्या दोघांना हात जोडावेसे वाटतात. टीव्हीवरचे नेते अजून 'आधी पटू दे, मग चहा' असंच म्हणत बसलेत.