देवाआधीची टोपली

जामाचं झाड दिसलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पेरूला आमच्याकडं जाम म्हणतात. निजामाच्या राजवटीत पोखर्णीजवळ माझ्या वडिलांची जामाची बाग होती. हंगामातलं पहिलं फळ पोखर्णीच्या नरसिंहाला गेल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावायचं नाही, अशी रीत. लहानपणी मी एक जाम चोरून खाल्ला, तर वडिलांनी त्याच झाडाची फांदी तोडून माझ्या पाठीवर मोडली.

लग्नानंतर एकदा लेकीला घेऊन माहेरी आले होते. दुपारी बागेत राघूंशिवाय कुणाचा आवाज नव्हता. पोरीनं पिकल्या जामाला हात घातला, तसा वडिलांनी तो मागं ओढला. "देवाला गेले न्हाईत अजून," म्हणाले. मीही पोरीला मागं घेतलं. रीत ती रीत.

तेवढ्यात तहसीलदाराचा चपराशी आला. वडील लगबगीनं उठले, टोपलीत पाला अंथरला आणि एकेक जाम पंच्यानं पुसून भरायला लागले.

माझं डोकं फिरलं. वडिलांना म्हटलं, "दादा, देवाला गेले का हे?"

"देव थांबतो गं माय. सायेब थांबत न्हाई."

म्हणजे देवाच्या नावानं मार आम्ही खायचा आणि पहिलं फळ यांनी! मी टोपलीतला सगळ्यात मोठा जाम उचलून पोरीच्या हातात दिला. तिनं चावा घेतला.

माझ्या पाठीवर फांदी मोडणारा माणूस चपराशाच्या तोंडाकडं बघत राहिला, पोरीला मारावं की हसावं ते ठरवायला.