गोड लागणाऱ्या खिडक्या आणि डॉक्टर वेणूताई

आधी एक दुरुस्ती. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात मी डॉ. वेणूताई जामकर यांच्याविषयी एक छोटे टिपण लिहिले होते. त्यात असे वाक्य होते : 'ताईंनी बंगल्याच्या दारा-खिडक्यांचा जुना रंग खरडून काढायला लावला आणि मुले बरी झाली.' वाक्याचा पहिला भाग खरा आहे, दुसरा खरा नाही. रंग खरडल्यावर मुले बरी झाली नाहीत, जास्त आजारी पडली. बरी झाली ती पुष्कळ नंतर, वेगळ्या उपायांनी. मधला काळ मी गाळला होता.

ही चूक एवढ्यावर थांबली असती तर या गौरवग्रंथाची जागा मी तिच्यासाठी अडवली नसती. पण ताईंच्या साठीनिमित्त गौरव समितीने तोच बंद बंगला उघडून त्यात बालवाडी सुरू करायचे आणि तिला ताईंचे नाव द्यायचे ठरवले आहे. माझे टिपण वाचून समितीने रंग खरडायला रंगारीही सांगून ठेवले आहेत. दिवाळीनंतर तिथे लहान मुले बसतील. ती कोणत्या घरात बसणार आहेत हे सर्वांना कळले पाहिजे.

टिपण वाचून ताईंनी मला बोलावून घेतले होते. रागावल्या नाहीत. चहा दिला आणि म्हणाल्या, "उषा, माझी चूक तू गाळलीस, तर पुढचा माणूस तीच चूक माझ्या नावाने करील."

ताईंची आणि माझी पहिली ओळख त्याच बंगल्यात झाली. महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे साहेबाच्या वेळचा एक बंगला आहे. आवारात निंबाची झाडे, त्यांना हंगामभर कापसाचे तंतू लटकलेले, आणि कुंपणाशी दोन लहान थडगी. त्यांवरची नावे आता वाचता येत नाहीत. साहेब गेल्यावर तिथे एकामागून एक बिऱ्हाडे आली आणि निघून गेली. शेवटी भाडे कमी म्हणून आमच्या मुलींच्या शाळेने बालवर्गासाठी तो घेतला. मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. मी स्वतः शाळेत गेले ती पाचवीपासून. त्याआधी वडिलांनी आणि आत्यांनी घरीच शिकवले. त्यामुळे वर्ग म्हणजे काय, मुले एकत्र बसली की कशी वागतात, याची मला काहीच कल्पना नव्हती. माझा वर्ग फार शांत होता आणि त्याचे मला समाधान वाटत असे.

गावात त्या बंगल्याला चांगले म्हणत नसत. तिथे राहिलेल्या बिऱ्हाडांची लेकरे सुकत, त्यांच्या पोटात कळा येत, एखाद्याला झटके येत. तिथे एक मडम आहे, तिची स्वतःची लेकरे कुंपणाशी पुरलेली आहेत, म्हणून ती दुसऱ्यांच्या लेकरांना खिडकीशी बोलावून खाऊ देते, असे बायका सांगत. मी घाबरट आहे, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. पण घरात वडिलांनी भुताखेतांचे बोलणे कधी चालू दिले नव्हते, म्हणून मी ऐकून न ऐकल्यासारखे करी.

शाळा झाडायला बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या धनीबाई येत. त्यांची धाकटी मुलगी सोमली माझ्या वर्गात होती. ती नेहमी एकाच खिडकीखाली बसे. पावसाळा संपता संपता तिचे पोट दुखू लागले. ती वाकून बसे, रडत मात्र नसे. मुख्याध्यापिकाबाईंनी वेणूताईंना बोलावले. ताईंचा दवाखाना तेव्हा नवाच होता. सायकलवरून येणाऱ्या डॉक्टरीणबाई पाहायला मुली दारात गोळा होतील असे मला वाटले होते. एकही उठली नाही.

ताईंनी सोमलीला मांडीवर घेतले आणि काय खाल्लेस म्हणून विचारले. ती बोलेना. त्यांनी पुन्हा विचारले तेव्हा तिने खिडकीकडे बोट केले.

"ते गोड लागते," ती म्हणाली.

"कोण देतं तुला?"

"कोनी नाही देत. तिथंच असते."

ताई उठून खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीच्या खालच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवले. मग मला बोलावले. जाड पांढऱ्या रंगावर बारीक बारीक दातांचे ठसे होते. काही ताजे, आत खालचा थर दिसणारे. काहींवर नंतर कधीतरी रंगाचा हात बसलेला होता, म्हणजे ते आमच्या मुलींच्या आधीचे होते.

ताईंनी सोमलीचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मग त्यांनी सगळ्या वर्गाला तोंड उघडायला लावले. रेघ आणखी काही जणींच्या हिरड्यांवर होती. मी तोवर रोज त्या मुलींची नखे आणि केस तपासत होते.

हे विष शिशाचे, असे ताईंनी त्याच दिवशी सांगितले. जुना पांढरा तेलरंग सफेत्याचा असतो आणि सफेता शिशापासून करतात. तो चवीला किंचित गोड लागतो. लेकरे पापुद्रे चघळतात, शिसे अंगात साठत जाते, आणि पोट, रक्त, मेंदू सगळ्यांना धरते. शिकत असताना त्यांनी असा आजार झालेला एक रंगारी पाहिला होता, आजारी घर पाहिले नव्हते. त्यांनी सांगितले की दिवाळीच्या सुटीत हा रंग खरडून काढा. आमच्या गावात दिवाळीआधी दारे खरडून रंगवण्याची रीतच आहे, त्यामुळे कोणाला त्यात वावगे दिसले नाही.

रंगाऱ्यांनी रॉकेलच्या बत्तीच्या जाळाने रंग फुगवला आणि कोरडाच खरडला. घरभर पांढरे पीठ पडले. हिरवा, मग पांढरा, मग पुन्हा हिरवा असे थर निघाले आणि सगळ्यांच्या तळाशी, लाकडाला लागून, शेंदरी थर निघाला. हे पहिले अस्तर, शेंदराचे.

आता पुढचे घडले ते आमच्याकडेच घडू शकते. पांढरा कचरा धनीबाईंनी झाडून कुंपणाशी टाकला. शेंदूर मात्र त्यांनी वेगळा केला. मारुतीच्या अंगावर चढतो तो शेंदूर पायदळी कसा जाऊ द्यायचा? त्यांनी तो सुपात गोळा केला, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि आवारातल्या विहिरीत सोडला. मुख्याध्यापिकाबाईंनी बरे केलेत म्हणून सांगितले. माझ्या वडिलांना कळले तेव्हा तेही म्हणाले की, बाईला रीत कळते. मलाही ते योग्यच वाटले. त्या विहिरीचे पाणी शाळा पीत होती.

सुटी संपून मुली आल्या. खिडक्या उघड्या लाकडाच्या होत्या, चाटायला काही उरले नव्हते. तरी आठ-पंधरा दिवसांत वर्ग आधीपेक्षा शांत झाला. एक मुलगी पाटीवर मान टाकून झोपून जाई. एकीच्या हातातून पेन्सिल गळे. सोमलीचा उजवा हात मनगटातून लुळा लोंबू लागला आणि एक दिवस प्रार्थनेच्या वेळी तिला झटका आला. रंग खरडून मडमेचे घर उघडे केले, आता ती लपून देत नाही, पाण्यातून देते, असे गावात बायका बोलू लागल्या. हे बोलणाऱ्यांना विहिरीचे काहीच माहीत नव्हते, हे मी नंतर नीट चौकशी करून पाहिले.

ताई आल्या. वर्ग रिकामा करून त्या जमिनीवर बसल्या आणि ओला रुमाल फरशीवरून फिरवला. झाडलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या फरशीवरून तो राखाडी होऊन निघाला. मग उघड्या चौकटीपाशी गेल्या. रंगाखालच्या लाकडातही दातांचे ठसे होते. सगळ्यांत पहिला रंग लागला तेव्हापासून त्या घरातली लेकरे खिडक्या खात आली होती. ताईंनी कुंपणाशी असलेल्या त्या दोन थडग्यांकडे पाहिले.

नंतर त्यांनी धनीबाईंना विचारले, शेंदरी भुकटी कुठे टाकली.

"टाकीन कायले?" धनीबाई दुखावून म्हणाल्या. "शेंदूर हाय तो. इहिरीत सोडला. हात जोडून सोडला."

शेंदूरही शिशाचाच. बाहेर मुलींचे आईबाप जमले होते. त्यांतले काही धनीबाईंकडे पाहत होते आणि 'तांड्यावरचे लोक असेच,' असे कोणीतरी बोललेही. ताई ओट्यावर आल्या आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "रंग कोरडा खरडायला मी सांगितला. कचरा कुठे न्यायचा ते मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. या बाईंना कोणी शब्द लावायचा नाही."

त्यांच्या धंद्याची तेव्हा सुरुवात होती. आमच्या गावात डॉक्टरने चूक कबूल केली की लोक दवाखाना बदलतात, आणि तसे पुष्कळांनी केलेही.

त्याच दिवशी सोमलीला मांडीवर घेऊन ताई एस.टी.ने यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. धनीबाई आणि मी बरोबर होतो. वाटेत सोमलीने दोनदा 'याडी' म्हणून हाक मारली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. पण दोन्ही वेळा तिचे तोंड धनीबाईंकडे नव्हते, खिडकीकडे होते. धनीबाईंनी डोळे मिटून घेतले. ताईंनी मुलीचे तोंड हलकेच आईकडे वळवले आणि सारा रस्ता त्या तिच्याशी बोलत राहिल्या.

सोमली वाचली. हात पुष्कळ सुधारला, पण अक्षरे तिला अजून सावकाश लागतात. घर सोडले, पाणी बदलले, दूध-फळे मिळत गेली, तशा बाकीच्या मुली हळूहळू बोलक्या झाल्या. वर्गात पहिल्यांदा भांडण झाले त्या दिवशी मला रडू आले. बंगला आणि विहीर दोन्ही बंद केली.

त्यानंतर ताईंनी पुस्तके मागवली, मुंबईला पत्रे लिहिली आणि कामाची पद्धत बसवली. दिवाळीआधी त्या घरोघर हिंडत आणि मला बरोबर नेत. टणक बसलेला रंग उगाच छेडू नका, त्यावर नवा हात द्या. सुटत असेल आणि लेकराच्या तोंडाला पोचत असेल तर फळी किंवा पत्रा ठोकून झाका. काढायचाच झाला तर पाणी मारून, ओला ठेवून काढा. बत्ती लावू नका, तो धूर आणखी वाईट. खाली ओले गोणपाट अंथरा. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पोरे आणि गरोदर बाया तेवढे दिवस दुसऱ्या घरी. हातपाय धुतल्याशिवाय घास नाही, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. निघालेला कचरा विहीर-नाल्यापासून दूर खोल खड्ड्यात. शेंदराबद्दल कोणी हात जोडले तर ताई हसत नसत. तुम्हीही नमस्कार करा आणि मातीत ठेवा, मातीही देवाचीच, असे सांगत. त्यामुळे लोक ऐकत.

माझ्यावर त्यांचे उपकार किती सांगू? त्या वर्षानंतर मला प्रत्येक दाराची भीती बसली होती. मी हात धुऊन धुऊन सालटी काढून घेतली होती. घरच्यांनी समजावले, थट्टाही केली. ताईंनी हातांना मलम लावले आणि म्हणाल्या, "भीती जाणार नाही तुझी. तिला काम देऊ." आणि गावातली जुनी घरे ओळीने पाहून यायचे काम त्यांनी मला दिले. एखाद्या दारापाशी मी हटकून परत जाई, पुन्हा तपाशी, तर त्या थांबून राहत. लवकर आवर, असे त्या मला कधीही म्हणाल्या नाहीत.

आता समितीबद्दल. मी चिटणीसांना भेटले, सगळे सांगितले. ते सज्जन आहेत, ताईंवर त्यांची श्रद्धा आहे. पण ते वैतागले.

"बाई, तुमचंच लिहिलेलं वाचून ठराव केला ना आमी," ते म्हणाले. "आता तुमीच म्हनता खरडू नका. मंग पाहुण्यायले काय भुताचा बंगला दाखवू?"

रंगारी घटस्थापनेला काम सुरू करणार, ते बदलता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. बालवाडीच बंगल्यात नको, असेही मी सुचवले. जागा दुसरी नाही, असे उत्तर मिळाले. ताईंना मी अजून यातले काही सांगितलेले नाही. त्यांना दम लागतो, आणि कळले तर त्या स्वतः ओले फडके घेऊन तिथे बसतील.

काल मी बंगल्यावर जाऊन आले. किल्ली शाळेकडे, म्हणजे माझ्याकडेच असते. पुढच्या खोल्यांच्या खिडक्या तेव्हा खरडल्या होत्या. मागच्या खोल्यांना कोणी हात लावलेला नाही. तिथे रंगाचे पापुद्रे सुटून पानांसारखे वळले आहेत, आणि वारा नसतानाही त्यांतला एखादा गळून पडताना ऐकू येतो. खाली पांढरे पीठ साचले आहे. त्यात मांजराची पावले होती. मी दार ओढून घेतले.

वेणूताईंना साठ वर्षे पुरी होत आहेत. कळंबच्या चिंतामणीपाशी माझे मागणे एवढेच की त्यांचा दम हटावा, त्यांची सायकल आणखी पुष्कळ वर्षे दिग्रसच्या गल्ल्यांतून फिरावी, आणि त्यांनी ज्या लेकरांच्या हिरड्या पाहिल्या त्यांची लेकरेही त्यांच्यापुढे तोंड उघडून उभी राहावीत. त्यांच्या नावाच्या घरात एकही मूल गप्प होऊ नये.

रंगारी मंगळवारी येतील. सोमवारी सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी मजूर मिळत नाही, मुले घरी असतात आणि बंगल्याकडे कोणी फिरकत नाही. धनीबाई येते म्हणाल्या आहेत. फळ्या, खिळे, गोणपाट आणि घरून आणायचे पाणी यांची तयारी झाली आहे. मागच्या खोल्यांच्या खिडक्या आम्ही पाणी मारून फळ्यांनी झाकून घेऊ, जमीन ओल्या फडक्याने पुसू, आणि रंगारी आले की त्यांना आत घेण्याआधी हा लेख वाचून दाखवू. सोमवारी, सकाळी, उन्हे वर आली की आम्ही कुलूप काढणार आहोत.